चावी कुणाकडे? तीन घरांच्या प्रकल्प नोंदी

७ सप्टेंबर २०२५, रविवार

लोकांच्या घरातली साधनं मुक्त सॉफ्टवेअरवर, त्यांच्याच ताब्यात आणायची, या कामासाठी तीन घरं ठरली. पहिलं सरांचं. सर शाळेतून निवृत्त झालेत, त्यांचा लॅपटॉप दहा वर्षांचा आणि त्यावर विंडोज १० आहे. १४ ऑक्टोबरला तिचे नेहमीचे सुरक्षा अपडेट थांबणार. विंडोज ११ साठी लागणारी टीपीएम २.० ची (सुरक्षेसाठीच्या चिपची) सोय या लॅपटॉपमध्ये नाही. दुसरं घर ताईंचं. त्या घरून हिशेबाची कामं करतात, घरात दोन मुलं, आणि सगळ्यांचे फोन फोटोंनी गच्च भरलेले. तिसरं माझ्या मित्राचं. तिथं बल्ब, प्लग, कॅमेरे, दाराचे सेन्सर असं जे म्हणाल ते 'स्मार्ट' आहे.

याआधी दोनदा मी लोकांना विंडोजच्या जागी लिनक्स ही मुक्त ऑपरेटिंग सिस्टम टाकून दिली आणि दोन्ही वेळा वर्षाच्या आत ती पुसली गेली. का, याचा बरेच दिवस विचार करत होतो. मी दोन्ही घरी पेन ड्राइव्ह खिशात घेऊनच शिरलो होतो. त्यांचं नेमकं काय अडतंय हे विचारायच्या आधी माझं उत्तर तयार होतं. म्हणून यावेळी पहिल्या भेटीत काहीही इन्स्टॉल करायचं नाही. शेजारी बसायचं आणि बघायचं.

आज सरांकडे तासभर बसलो. ते ब्राउझर उघडतात, पत्रं टाइप करतात, प्रिंट काढतात, जुन्या भाषणांची रेकॉर्डिंग ऐकतात. बाकी काही नाही. एक गोष्ट मात्र लक्षात राहिली. पत्र टाइप झाल्यावर सरांनी फाइल सेव्ह केली, बंद केली, परत उघडली आणि मगच प्रिंट दिली. असं का, म्हणून विचारलं. "एकदा प्रिंट देताना हँग झालं आणि चार पानं गेली. तेव्हापासून असंच करतो." वहीत पहिली ओळ हीच लिहिली: सरांना पानं जाण्याची भीती आहे.

१४ सप्टेंबर

सरांना पेन ड्राइव्हवरून लिनक्स मिंट (लिनक्सचा एक सोपा, तयार प्रकार) चालवून दाखवलं, डिस्कला हात न लावता. आवृत्ती २२ निवडली, कारण तिला २०२९ पर्यंत अपडेट मिळणार आहेत आणि दर वर्षाला सरांच्या मशीनची उलथापालथ मला नको आहे. वाय-फाय लागलं, आवाज आला, प्रिंटर आपोआप यादीत दिसला. आताचे बहुतेक नेटवर्क प्रिंटर आयपीपी नावाच्या ठरलेल्या भाषेत बोलतात, त्यामुळे ड्रायव्हर शोधत बसण्याचे दिवस बरेचसे गेलेत.

सरांचा प्रश्न: "हे फुकट देतात, मग यांचं चालतं कशावर?" रास्त प्रश्न आहे. सांगितलं, की लिनक्सचा गाभा लिहिणाऱ्यांतल्या बहुतेकांना कुठल्या ना कुठल्या कंपनीचा पगार मिळतो, कारण त्या कंपन्यांचा स्वतःचा धंदा त्यावर चालतो. मिंटसारखे प्रकल्प देणग्या आणि जाहिरातदारांच्या मदतीवर उभे आहेत. मग मुक्त आणि फुकट यांतला फरक निघाला. इंग्रजीत दोन्हीला 'फ्री' म्हणतात, त्यामुळे तिथं हे समजावताना फार कसरत करावी लागते. मराठीत शब्दच वेगळे आहेत, निम्मं काम भाषेनंच करून ठेवलंय. रिचर्ड स्टॉलमन यांनी १९८३ साली मुक्त सॉफ्टवेअरचा जीएनयू प्रकल्प जाहीर केला, त्यातून पुढे या मोकळिकांची व्याख्या आली: हव्या त्या कामासाठी चालवा, आत काय आहे ते बघून बदला, प्रती वाटा, बदललेली प्रतही वाटा.

"म्हणजे हा पेन ड्राइव्ह मी उद्या दुसऱ्याला दिला तर ती चोरी नाही?"

"नाही सर. द्यावा अशीच अपेक्षा आहे."

सर थोडा वेळ गप्प बसले. मग म्हणाले, "शाळेत कॉपी केलेली सॉफ्टवेअरं वापरली आम्ही. मुलांना खरं बोलायला शिकवायचं आणि संगणकाच्या खोलीत हे. मला कायम खटकायचं ते." मी त्यांना वेगाबद्दल, व्हायरसबद्दल बरंच काही सांगायच्या तयारीनं गेलो होतो. त्यातलं काहीच सांगावं लागलं नाही.

२१ सप्टेंबर

आजची चूक पूर्णपणे माझी आहे, म्हणून नीट लिहून ठेवतो.

ताईंच्या लॅपटॉपवर पेन ड्राइव्ह चालतो का ते बघायचं होतं. जुन्या सवयीनं बायोसमध्ये, म्हणजे मशीन सुरू होतानाच्या सेटिंगमध्ये जाऊन सिक्युअर बूट (ओळखीचीच सिस्टम सुरू होऊ देणारी सोय) बंद केलं. मिंट चालू झालं, दाखवून झालं, मशीन परत विंडोजमध्ये सुरू केलं, तर निळ्या पडद्यावर ४८ आकडी रिकव्हरी की मागायला लागलं. डिस्क विकत घेतल्यापासून कूटबद्ध होती आणि ताईंना त्याची कल्पना नव्हती. मी विचारलं नव्हतं. ती की ज्या ऑनलाइन खात्यात होती त्याचा पासवर्ड आठवेना आणि खात्याचा ओटीपी जाणार तो एका बंद पडलेल्या जुन्या नंबरवर. दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांना एका गिऱ्हाइकाचे हिशेब द्यायचे होते. ताई मला एक शब्द बोलल्या नाहीत, फक्त खुर्ची ओढून शेजारी येऊन बसल्या.

दहा मिनिटांनी डोकं ठिकाणावर आलं. सिक्युअर बूट परत चालू केलं आणि विंडोज मुकाट सुरू झालं. टीपीएम चिप बूट होतानाची अवस्था तपासते, ती अवस्था ओळखीची असेल तरच डिस्कची चावी सोडते. सेटिंग पूर्ववत झाल्यावर तिला ओळख पटली. खरं तर मिंट सिक्युअर बूट चालू असतानाही चालतं. मी बंद करायचं काही कारणच नव्हतं.

लगेच की कागदावर छापून घेतली. इथून पुढे कुणाच्याही मशीनला हात लावण्याआधी याच क्रमानं जायचं: डिस्क कूटबद्ध आहे का बघणं, की कागदावर घेणं, बॅकअप घेणं आणि तो बॅकअप दुसऱ्या मशीनवर उघडून बघणं.

२८ सप्टेंबर

ताईंचं हिशेबाचं सॉफ्टवेअर फक्त विंडोजवर चालतं. वाइनमधून (विंडोजचे प्रोग्रॅम लिनक्सवर चालवणारं साधन) उघडलं, पण परवान्याची नोंदणी ओळखत नाही आणि छापताना रकाने सरकतात. सोडून दिलं. त्यांच्या पोटापाण्याच्या कामाशी खेळ नको.

पण म्हणून हात हलवत परत यायचं नाही. फायरफॉक्स, त्यात जाहिराती अडवणारं यूब्लॉक ओरिजिन, लिबरऑफिस, व्हीएलसी आणि पासवर्डसाठी कीपासएक्ससी, हे सगळं विंडोजवर उत्तम चालतं. ताईंना ते आवडलं, विशेषतः जाहिराती गेल्यावर वेबसाइट किती चटकन उघडतात ते. माझं मत आता पक्कं होत चाललंय: ऑपरेटिंग सिस्टम ही शेवटची पायरी आहे. रोजची साधनं आधी बदलली की खालची जमीन बदलताना माणूस बावरत नाही. मी इतकी वर्षं उलट्या क्रमानं जात होतो.

५ ऑक्टोबर

सरांच्या लॅपटॉपवर मिंट पक्कं बसवलं. आधी सगळ्या फाइल बाहेरच्या डिस्कवर घेतल्या आणि माझ्या लॅपटॉपवर त्यातल्या पंधरा-वीस उघडून बघितल्या.

पहिलीच अडचण अपेक्षित ठिकाणी आली. एका पानाचं पत्र दुसऱ्या पानावर दोन ओळी सांडत होतं. सरांचा चेहरा उतरला. एका पानात बसवलेलं पत्र ही त्यांच्या दृष्टीनं शिस्तीची गोष्ट. कारण साधं होतं. मूळ पत्रातला इंग्रजी मजकूर कॅलिब्री फॉन्टमध्ये, आणि तो फॉन्ट मुक्त नाही, त्यामुळे लिनक्ससोबत येत नाही. त्याच्या जागी रुंद अक्षरांचा दुसरा फॉन्ट बसला होता. कार्लिटो नावाचा मुक्त फॉन्ट मुद्दाम कॅलिब्रीच्याच मापानं बनवलेला आहे, अक्षराच्या रुंदीत फरक नाही. एरियल आणि टाइम्ससाठी असंच लिबरेशन फॉन्टचं कुटुंब आहे. कार्लिटो टाकला, पत्र परत उघडलं. एका पानात. सरांनी शेवटच्या ओळीवर बोट ठेवून खात्री करून घेतली.

मग त्यांची ती भीती. लिबरऑफिस दर दहा मिनिटांनी सावरायची प्रत ठेवतं, ती वेळ दोन मिनिटांवर आणली. आणि मुद्दाम, त्यांच्या डोळ्यांदेखत, दोन परिच्छेद टाइप करून तीन मिनिटं थांबलो आणि बॅटरी काढलेल्या लॅपटॉपचं चार्जर खेचलं. परत चालू केल्यावर 'दस्तऐवज परत मिळवायचा का' असं विचारणारी खिडकी आली आणि दोन्ही परिच्छेद जसेच्या तसे. सर म्हणाले, "परत कर." परत केलं. तिसऱ्यांदा त्यांनी स्वतः केलं.

टाइमशिफ्टबद्दल सांगताना गल्लत होऊ नये म्हणून जपलो. मिंटमध्ये ते तयारच असतं, नावावरून आणि दिसण्यावरून बॅकअप वाटतं, पण ते सिस्टमच्या फाइल सांभाळतं. माणसाच्या स्वतःच्या फाइल, म्हणजे होम फोल्डर, सुरुवातीच्या सेटिंगमध्ये त्यात नसतं. सरांनी बरोबर पकडलं: "म्हणजे यात माझी पत्रं नाहीत." नाहीत. पत्रांसाठी देजा ड्यूप हे बॅकअपचं साधन, बाहेरच्या डिस्कवर, दर रविवारी.

सगळ्या पायऱ्या मी बोललो आणि सरांनी त्यांच्या अक्षरात लिहिल्या. छापील कागद देणार होतो. पण ते लिहिताना मध्येच थांबून विचारत होते आणि त्या प्रत्येक प्रश्नाची जागा माझ्या छापील कागदात रिकामी होती. माझा कागद घडी घालून परत खिशात टाकला.

१४ ऑक्टोबर, मंगळवार

सरांचा फोन. "आजच ना ती तारीख? शेजाऱ्यांना वाटतंय त्यांचा संगणक उद्यापासून बंद पडेल." बंद पडत नाही. मशीन चालतच राहतं, आजनंतर सापडणारी भोकं मात्र बुजवली जात नाहीत. घरगुती वापरासाठी वर्षभराची मुदतवाढही घेता येते, तेही त्यांना सांगा म्हटलं. भीती दाखवून कुणाला आणायचं नाही. भीतीनं आलेला माणूस पहिल्या अडचणीला परत जातो.

२६ ऑक्टोबर

मित्राच्या घरी मोजदाद. नेटवर्कवर २३ वस्तू, फोनवर त्यांची नऊ अॅप, आणि सात वेगवेगळी खाती. काहींचे पासवर्ड कुणालाच माहीत नाहीत.

त्याला बोलून पटवण्याऐवजी एक प्रयोग केला. राउटरला येणारी इंटरनेटची वायर काढली आणि म्हटलं, आता दिवाणखान्यातला बल्ब फोनवरून लाव. वाय-फाय पूर्ण दिसतंय, बल्ब तीन हातांवर, आणि अॅपवर नुसतं चक्र फिरतंय. एकेक करत सगळं तपासलं. २३ पैकी सहा चालल्या. वहिनी म्हणाल्या, "म्हणजे आपल्या घरातला दिवा लावायला आपण बाहेर कुणाला तरी विचारतोय." मला दहा मिनिटं लागली असती हे सांगायला.

आणि तो बाहेरचा एक दिवस उत्तर द्यायचं थांबवू शकतो. रिव्हॉल्व्ह नावाचा हब (घरातल्या स्मार्ट वस्तू जोडणारी पेटी) मे २०१६ मध्ये सर्व्हर बंद केल्यामुळे निकामी झाला. एप्रिल २०२२ मध्ये इन्स्टिऑन कंपनीचे सर्व्हर अचानक थांबले आणि लोकांच्या घरातले हब अॅपला जुमानेनात. वस्तू तुटल्या नव्हत्या, भिंतीवर जशाच्या तशा होत्या.

ठरलं: अडगळीतल्या छोट्या कॉम्प्युटरवर होम असिस्टंट, म्हणजे स्मार्ट वस्तू घरातूनच चालवणारं मुक्त सॉफ्टवेअर. एकदम नाही, एक खोली झाली की दुसरी.

९ नोव्हेंबर

दोन रविवार आणि मधल्या तीन संध्याकाळी गेल्या, पण आजची नोंद समाधानाची.

होम असिस्टंट बसवणं सोपं होतं. त्रास दिला झिगबीनं, म्हणजे सेन्सर ज्या बिनतारी पद्धतीनं बोलतात तिनं. दाराचे सेन्सर दिवसा नीट चालायचे आणि रात्री मधूनच गायब व्हायचे. मित्राला वाटलं सेन्सरच्या बॅटऱ्या उतरल्या. दोन बदलल्याही. फरक नाही.

मग झिगबीचे संदेश पकडणाऱ्या डोंगलकडे नीट बघितलं. तो थेट कॉम्प्युटरच्या निळ्या यूएसबी ३ पोर्टमध्ये खोचलेला आणि शेजारच्या पोर्टला बाहेरची एसएसडी, जिच्यावर रात्री बॅकअप चालायचा. यूएसबी ३ मधून माहिती धावते तेव्हा २.४ गिगाहर्ट्झच्या आसपास रेडिओचा गोंगाट निर्माण होतो, आणि झिगबी बोलतं ते नेमकं तिथंच. सेन्सरचा कुजबुजल्यासारखा क्षीण आवाज त्या गोंगाटात ऐकू कसा येणार? शिवाय झिगबी चॅनेल ११ वर आणि राउटरचं वाय-फाय चॅनेल १ वर, म्हणजे दोघं एकाच जागेत एकमेकांच्या अंगावर बोलत होते. आकडे वेगळे दिसतात म्हणून हे पटकन ध्यानात येत नाही; दोन्हींची मोजायची पद्धत निराळी आहे.

उपाय म्हणजे एक मीटरची साधी एक्स्टेन्शन केबल. डोंगल यूएसबी २ च्या पोर्टला लावून कपाटाच्या कडेला लटकवला, मशीनपासून लांब. झिगबी चॅनेल २५ वर नेलं. पाचपैकी दोन सेन्सर परत जोडावे लागले, बाकीचे अर्ध्या तासात आपणहून आले. चार रात्री झाल्या, एकही गळलेला नाही.

प्लगांपैकी तीन जुने, ईएसपी८२६६ चिपचे निघाले. त्यांवर कंपनीच्या सॉफ्टवेअरऐवजी तास्मोटा हे मुक्त सॉफ्टवेअर टाकलं. दोन नवीन प्लगांत दुसरीच चिप आहे, त्यांचं काही करता आलं नाही. ते काढून ठेवले.

२३ नोव्हेंबर

ताईंकडे महिनाभरापूर्वी एका छोट्या बोर्डावर पाय-होल लावलं होतं. घरातलं कुठलंही उपकरण एखाद्या साइटचा पत्ता विचारतं तेव्हा ते आधी याच्याकडे येतं आणि जाहिरातदारांचे, पाळत ठेवणाऱ्यांचे पत्ते हे देतच नाही. छान चाललं होतं. टीव्ही रात्रभर कुणाकुणाशी बोलतो त्याची यादी बघून मुलंसुद्धा चकित झाली होती.

आज मी दिवसभर प्रवासात, फोन बंद. संध्याकाळी चालू केला तर ताईंचे अकरा मिस्ड कॉल. त्या छोट्या बोर्डाचं एसडी कार्ड मेलं. पत्ता सांगणारं कुणी उरलं नाही, म्हणून घरातलं सगळं इंटरनेट बंद. मुलाचं ऑनलाइन काम राहिलं, ताईंचं राहिलं. आणि काय करायचं ते फक्त मला माहीत.

याचा मला फार त्रास झाला. एसडी कार्डं मरतातच, वारंवार लिहिण्यानं ती झिजतात, तो वेगळा भाग. आधी त्या घराचं इंटरनेट एका कंपनीच्या भरवशावर होतं, मी ते माझ्या भरवशावर आणून ठेवलं, आणि मी तर त्या कंपनीपेक्षा कितीतरी कमी भरवशाचा आहे. मला रजा लागते, ताप येतो, माझा फोन बंद असतो. याला मी 'मुक्त' कुठल्या तोंडानं म्हणायचं?

राउटरमध्ये दुसरा डीएनएस (पत्ता सांगणारा) म्हणून बाहेरचा एखादा घालता येतो, पण उपकरणं दोघांपैकी कुणालाही विचारतात, त्यामुळे गाळणी अर्धवट गळते. दोन पाय-होल लावले तर चालतं, पण मग सांभाळायला दोन. ताईंना विचारलं. त्यांचं उत्तर स्पष्ट होतं: "ब्राउझरमध्ये जाहिराती येत नाहीत तेवढं मला पुरे आहे." पाय-होल काढलं. टीव्हीचं इंटरनेटच बंद केलं, तो तसाही सेट टॉप बॉक्सवर चालतो. कमी काम, जास्त खासगीपणा. वहीच्या पहिल्या पानावर प्रश्न लिहिला: मी महिनाभर नसेन तर काय काय बंद पडेल?

७ डिसेंबर

आज मित्राच्या घरी जे झालं ते या सगळ्या कामातलं सगळ्यात महत्त्वाचं वाटतं.

मी अभिमानानं दाखवत होतो. कॅमेऱ्यांचं चित्रण आता फ्रिगेट या मुक्त सॉफ्टवेअरमध्ये, घरातल्याच डिस्कवर. कॅमेऱ्यांना राउटरवर बाहेर जायला बंदी. (बंदी घातल्यावर त्यांची घड्याळं चुकली, कारण ती वेळ इंटरनेटवरून घेत होती, राउटरलाच वेळ सांगायला लावलं.) एक बाइटही बाहेर जात नाही, असं सांगत होतो. वहिनी होम असिस्टंटचं इतिहासाचं पान उघडून वाचत बसल्या होत्या. शांतपणे म्हणाल्या,

"भाऊजी, मी मंगळवारी साडेतीनला घराबाहेर पडले आणि पाच वाजून दहा मिनिटांनी परत आले. ते इथं लिहिलंय. हे कुणासाठी लिहून ठेवलंय?"

दाराचा सेन्सर, त्यांच्या फोनचं लोकेशन, पॅसेजमधला कॅमेरा. तिन्ही मिळून एका माणसाची दिनचर्या.

मित्र म्हणाला, "अगं, मी कधी बघतच नाही."

"मग ठेवायचं कशाला?"

दोघांपैकी कुणाकडेच उत्तर नव्हतं. मी इतकी वर्षं खासगीपणा म्हटलं की दूरच्या कंपनीचाच विचार करत आलो. घरातल्या एकाकडे सगळ्या नोंदी आणि दुसरीकडे नुसतं बटण दाबायचं अॅप, हीसुद्धा पाळतच आहे आणि ती माझ्या हातानं उभी राहिली होती. घरात प्रशासकाचं खातं एकच होतं, मित्राचं. आणि दुसरं माझं! वहिनींचं नव्हतं.

तिथंच बसून बदललं. दोघांच्याही फोनचं लोकेशन काढलं. पॅसेजमधला कॅमेरा उतरवला; मित्रानंच स्टुलावर चढून काढला. नोंदी मुळात दहा दिवस राहतात, त्या दोन दिवसांवर आणल्या आणि दाराचे सेन्सर नोंदीतून पूर्ण वगळले. सेन्सर काम करतो, दिवा लागतो, पण लिहिलं काही जात नाही. वहिनींना प्रशासकाचं खातं दिलं.

बाहेरच्या कॅमेऱ्यात समोरच्यांचं दार येत होतं, तेही वहिनींनीच दाखवलं. फ्रिगेटमध्ये मास्क घालता येतो, पण तो फक्त हालचाल ओळखताना तो भाग सोडून देतो. चित्रणात दार दिसतच राहतं. म्हणून कॅमेऱ्याच्या स्वतःच्या सेटिंगमधला काळा पट्टा त्या दारावर टाकला. आता ते चित्रात उमटतच नाही. समोरच्यांना बोलावून तो दाखवला. ते आधी कधी काही बोलले नव्हते, पण दाखवल्यावर त्यांना बरं वाटलेलं दिसलं.

२८ डिसेंबर

रंगीत तालीम. मित्राकडच्या मशीनमध्ये रिकामी डिस्क लावली आणि वहिनींना म्हटलं, समजा जुनी डिस्क जळाली, आता हा कागद घेऊन घर परत उभं करा. मित्र आणि मी दुसऱ्या खोलीत, मदत करायची नाही.

पंचवीस मिनिटांनी हाक आली. "भाऊजी, ही चावी मागतंय. कागदात नाही."

होम असिस्टंटचा आपोआप होणारा बॅकअप कूटबद्ध असतो आणि उघडायला एक लांबलचक की लागते. ती मी उतरवून घेतली होती. माझ्या लॅपटॉपवर. बॅकअप रोज व्यवस्थित होत होता, त्यांच्याच घरातल्या दुसऱ्या डिस्कवर पडत होता, आणि तो उघडायची चावी माझ्या घरी. इंटरनेटची वायर काढून मी त्यांना जे दाखवलं होतं, तेच त्यांनी मला कागद हातात धरून दाखवलं.

की छापली, दोन पाकिटं केली. एक कपाटात, एक वहिनींच्या आईकडे. माझ्या लॅपटॉपवरची पुसली. तसंच ताईंची रिकव्हरी की आणि सरांच्या राउटरचा पासवर्डही माझ्याकडे होते. आठवड्यात त्यांच्याकडे देऊन माझ्याकडचे काढले.

११ जानेवारी २०२६

ताईंचे फोटो. फोनवरून लॅपटॉपवर सिंकथिंग या अॅपनं येतात, मध्ये कुणाचा सर्व्हर नाही. मोठ्या मुलानं लगेच विचारलं, "मग मी फोनवरून उडवला तर?" लॅपटॉपवरूनही उडेल. सिंक म्हणजे बॅकअप नव्हे, हे त्यानं सांगायच्या आधीच ओळखलं. म्हणून महिन्यातून एकदा बाहेरची डिस्क जोडायची, कॉपी करायची आणि डिस्क कपाटात परत. हे काम त्यानं स्वतःकडे घेतलं. एक फोटो मुद्दाम उडवून डिस्कवरून परत आणून दाखवला त्यानं.

सिग्नल या निरोपांच्या अॅपवर ताई आणि दोन्ही मुलं आली. बाकीचे नातेवाईक आले नाहीत, येतील असं वाटतही नाही. आग्रह केला नाही.

८ फेब्रुवारी

गुरुवारी मित्राकडचं मशीन खरोखरच मेलं. लाइट तीनदा गेली-आली आणि डिस्क उठेना. मित्र बाहेर होता. वहिनींनी मला फोन केला नाही. मला आज, रविवारी, भेटल्यावर कळलं.

तालमीतली डिस्क तिथंच होती. पाकीट काढलं, कागद काढला, सुरुवात केली. दीड तासात घर उभं. झिगबीचे सेन्सरही परत जोडावे लागले नाहीत, सगळं बॅकअपमधून आलं. दरम्यान भिंतीवरची बटणं चालू होतीच. बल्बांना नेहमीच्या बटणांनी लावता-विझवता आलंच पाहिजे हा वहिनींचा नोव्हेंबरपासूनचा आग्रह, मी तेव्हा थोडी कुरकुर केली होती.

कागद बघितला. पायरी ६ खाली पेन्सिलीनं, त्यांच्या अक्षरात: "यानंतर वीस मिनिटं पडदा तसाच राहतो. काहीच होत नाहीये असं वाटतं. मशीन बंद करू नये. बसून राहावं."

ही पायरी मी लिहिली तेव्हा मला ती वीस मिनिटं दिसलीच नव्हती, कारण मला ती सवयीची आहेत. नेमकं तिथंच कुणीही घाबरून बटण दाबलं असतं.

१५ फेब्रुवारी

कागदाची नवी प्रत काढली. पेन्सिलीतली ओळ जशीच्या तशी, एक शब्द न बदलता. आधी "प्रतीक्षा करा" असं काहीतरी लिहिणार होतो, ते खोडलं. "बसून राहावं" हेच बरोबर आहे.

होम असिस्टंटमधलं माझं खातं वहिनींनी आज काढलं. खात्यांच्या यादीत आता दोनच नावं.

सरांनी पेन ड्राइव्ह शेजाऱ्यांना दिलाय आणि कार्लिटोचं नाव चिठ्ठीवर लिहून सोबत जोडलंय. शेजाऱ्यांच्या लॅपटॉपवर वाय-फाय लागत नाही म्हणून त्यांनी विचारलं. डिस्क कूटबद्ध आहे का ते आधी बघा, म्हटलं. "ते मी पहिलंच बघितलं," सर म्हणाले. शनिवारी दोघं मिळून जातोय. पेन ड्राइव्ह सरांचाच न्यायचा आहे.